विंडोज १० पण ठेवा, लिनक्स पण टाका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विंडोज १० चे अपडेट थांबल्यावर काय करायचं यावर जो लेख आलाय तो वाचला, माहिती चांगलीय पण शेवटी जुनं मशीन काढून नवीन घ्या असं एका वाक्यात उरकून टाकलंय ते काय पटलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, माफ करा.

माझं सांगलीत कोर्टाजवळ डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, बावीस-तेवीस वर्षं झाली. अ‍ॅफिडेव्हिट, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वकिलांची कामं असं सगळं चालतं. २०१९ च्या महापुरात दोन मशीन पाण्यात गेली तेव्हा हातात पैसे नव्हते म्हणून सेकंडहँड डेस्कटॉप घेतला, आय-फाइव्ह चौथ्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम. तो आजपण न कुरकुरता चालतो. आणि आता मला सगळे सांगतायत की हा भंगार झाला, का तर विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्याच्या पुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. (ज्यांचा प्रोसेसर आठव्या किंवा पुढच्या जनरेशनचा आहे आणि तरीपण मशीन विंडोज ११ ला चालत नाही असा मेसेज येतो त्यांनी आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडतं त्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा, बऱ्याच वेळा टीपीएम असतं पण बंद असतं, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने सापडेल. तेवढं चालू केलं की काम होतं, उगाच दुकानदाराकडे पळू नका.)

आणि एक गोष्ट लेखात स्पष्ट यायला पाहिजे होती. विंडोज १० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला फुकटचे सिक्युरिटी अपडेट येणं थांबलंय, एवढंच. मशीन काल चालत होतं तसंच आज चालतं. घरगुती मशीनला अजून एक वर्ष म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट घेता येतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पण पडत नाहीत. धोका आहे तो इंटरनेटला जोडून बसण्यात. मग मी विचार केला की जे काम नेटशिवाय होतं ते विंडोजवर ठेवावं आणि नेटचं सगळं दुसऱ्या सिस्टिमवर, म्हणजे लिनक्सवर न्यावं (विंडोजसारखीच मशीन चालवणारी पण फुकट मिळणारी सिस्टिम), मशीन तेच.

आता कोण म्हणेल की मग सरळ लिनक्सच टाका ना, विंडोज कशाला पाहिजे. माझा पुण्याचा एक मित्र आहे तो हेच म्हणतो, त्याला मराठी डीटीपी म्हणजे काय ते माहीत नाही. माझ्याकडे वीस वर्षांचं मॅटर पेजमेकर आणि कोरल या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते सगळं श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये. हे जुने फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी अक्षरंच असतात हो, वर फक्त मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की पानभर कचरा दिसतो. युनिकोड (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड) करणारे कन्व्हर्टर आहेत, मी वापरतो पण, पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, त्यामुळे कन्व्हर्टर जरा चुकला की रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते. वर्षचं वषर् होतं, मार्चचं माचर् होतं. एका पतसंस्थेच्या अहवालात असे चाळीस वषर् मी हाताने दुरुस्त केलेत. त्यात फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक आहे (मशीनला लावलं तरच सॉफ्टवेअर चालतं) ते विंडोजशिवाय चालत नाही, कोरलचं पण तसंच. म्हणजे विंडोज काढता येत नाही आणि नेटवर ठेवता येत नाही असं कात्रीत सापडलेले माझ्यासारखे प्रत्येक तालुक्याच्या गावात दहा-वीस जण तरी असतील.

तर मी काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं म्हणजे बॅकअप. सगळं मॅटर एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घेतलं, आणि घेतलं म्हणून सोडलं नाही, दुसऱ्या मशीनला लावून चार फायली उघडून बघितल्या. मग २४० जीबीची एक एसएसडी म्हणजे हार्डडिस्कपेक्षा फास्ट चालणारी डिस्क आणली, मला तेव्हा दीड हजाराच्या आसपास पडली. एकाच डिस्कचे दोन भाग करून पण दोन सिस्टिम बसतात, बरेच जण तसंच करतात, पण डेस्कटॉपमध्ये जागा असेल तर वेगळी डिस्कच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. लॅपटॉपवाल्यांनी जुना लॅपटॉप असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी म्हणतात त्या चौकटीत बसवायची, नाहीतरी आता सीडी कोण घालतंय. आणि लिनक्स टाकताना मी कॅबिनेट उघडून विंडोजच्या डिस्कची साटा केबल सरळ उपसून ठेवली. हे मला कुणी शिकवलं नाही, भीतीनेच सुचलं. कारण इन्स्टॉल करताना एका स्क्रीनवर 'इरेज डिस्क' असा ऑप्शन येतो आणि तो आधीच सिलेक्ट झालेला असू शकतो, नेक्स्ट नेक्स्ट करत जाणाऱ्या माणसाची वीस वर्षं तिथे दोन मिनिटांत जातील. केबलच काढलेली असली की चुकायला वावच नाही.

लिनक्समधला मिंट नावाचा प्रकार टाकला, कारण ते विंडोजसारखं दिसतं, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू वगैरे. त्याच्या २२ व्हर्जनला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर रूफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने मिंटची फाइल चढवायची, मशीन चालू करताना एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा (कंपनीप्रमाणे एफ९ किंवा एस्केप पण असतं). इन्स्टॉल न करता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, तेव्हा वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चेक करून घ्या. मी प्रिंटर चेक केला नाही, त्याचं पुढे सांगतो. इन्स्टॉलला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. मराठी टायपिंगला काही विकत आणावं लागलं नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू, आणि मुक्ता, बालू असे मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या संस्थेने केलेले सुंदर युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात.

केबल परत लावली आणि दोन दिवस एफ१२ दाबून कुठली सिस्टिम ते निवडत होतो. पण आमच्याकडे टायपिंगला जी मुलगी येते तिला ते वेळेत जमेना, ती म्हणाली काका हे चालत्या एसटीत चढल्यासारखं आहे. मग ग्रबची सेटिंग केली. ग्रब म्हणजे मशीन चालू झालं की सुरुवातीला जी यादी येते ती, त्यात लिनक्स आणि विंडोज दोन्ही दिसतात, बाण खाली करून एंटर मारायचा, काहीच नाही केलं तर दहा सेकंदांनी पहिलं चालू होतं. आधी त्या यादीत विंडोज दिसेना, माझ्या पोटात गोळा आला, पण ते गेलेलं नव्हतं. लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढलेली होती म्हणून ते यादीत आलंच नव्हतं, यादी परत बनवावी लागते. नेटवर याची कमांड मिळेल, इथं मराठीत छापून उपयोग नाही. आता रोज सकाळी तीच मशीन चालू करते आणि आज काय काम आहे त्याप्रमाणे निवडते.

आता घड्याळाची गंमत. लिनक्स टाकल्यावर दोन दिवसांनी विंडोजवर पावती काढली तर त्यावर पहाटे ५ ची वेळ. दुकानात साडेदहा वाजलेले. एका वकिलांचा कारकून पावती बघून म्हणाला काय शेठ, काकड आरती करून दुकान उघडता काय. मी वेळ दुरुस्त केली, दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटलं मदरबोर्डचा सेल गेला, वेळ चुकली की सेल हे आपल्या डोक्यात फिट बसलेलं असतं. तो गोल चपटा सेल आणला, बदलला, परत पहाट. मग दुसरा सेल आणला, म्हटलं पहिला जुना स्टॉक असेल! शेवटी कॅल्क्युलेटर न घेताच लक्षात आलं की फरक दरवेळी बरोबर साडेपाच तासांचा आहे, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. सेल गेला असता तर तारीख कुठल्या कुठे मागं गेली असती. साडेपाच तास म्हणजे आपला आणि ग्रीनविचचा फरक. होतं असं की लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रीनविचची वेळ लिहून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच मिळवतं, विंडोज तेच आतलं घड्याळ बघतं आणि ती सांगलीचीच वेळ आहे असं धरून चालतं. नेट असतं तर विंडोजने थोड्या वेळाने स्वतःच दुरुस्त केलं असतं, माझं विंडोज नेटवर नाही त्यामुळे ते पहाटेतच राहिलं. लिनक्सला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एका ओळीत सांगायचं की आतलं घड्याळ लोकल टाइमवर ठेव, संपलं. दोन चांगले सेल ड्रॉवरमध्ये पडलेत अजून.

दुसरी अडचण अशी आली की लिनक्समधून विंडोजच्या डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होईना, उघडायची पण लिहू द्यायचं नाही. याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. आपण शटडाउन करतो तेव्हा ते पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं म्हणजे सकाळी लवकर उठायला बरं, आणि झोपताना ड्राइव्ह मुठीत धरून ठेवतं. लिनक्सला ते दिसतं आणि ते शहाण्यासारखं हात लावत नाही, लावला तर फायली खराब व्हायची भीती. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शनला जाऊन तेवढी एक टिक काढायची. घाईत असाल तर शटडाउनच्या ऐवजी रिस्टार्ट करायचं, रिस्टार्टला मात्र ते पूर्ण बंद होतं.

आणि फायदा कशात झाला असं विचाराल तर पेन ड्राइव्हमध्ये, मला स्वतःला हे अपेक्षित नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला तीस-चाळीस लोकांचे पेन ड्राइव्ह लागतात आणि त्यातल्या निम्म्यांत तो शॉर्टकटवाला व्हायरस असतो, म्हणजे फोल्डर गायब आणि त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात, क्लिक केलं की आपलं मशीन गेलं आणि आपल्याकडून पुढच्या माणसाच्या पेन ड्राइव्हला. पूर्वी मी महिन्याला एकदा फॉरमॅट मारायचो. लिनक्सवर ते शॉर्टकट चालतच नाहीत, आणि गंमत म्हणजे लपवलेले खरे फोल्डर जसेच्या तसे समोर दिसतात. परवा एक बाई रडकुंडीला आल्या होत्या, मुलाचे सगळे दाखले स्कॅन करून ठेवलेले गेले म्हणून, मी लिनक्सला लावला तर सगळे जागेवर. वीस रुपये घेतले. आता गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी लिनक्सवर, मगच विंडोजवर असा नियमच केलाय.

पण सगळं गोड गोड आहे असं नाही. जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चाललाच नाही, ड्रायव्हर शोधून शोधून दोन रविवार गेले आणि मी नाद सोडला, त्याच्यावरचं काम विंडोजवरूनच करतो. झेरॉक्स-स्कॅनचं जे थ्री-इन-वन आहे ते मात्र लावलं तसं चालू झालं. दुसरं, एका वेळी एकच सिस्टिम चालते. समोर पत्रिकेचं गिऱ्हाईक बसलेलं असताना कुणी ऑनलाइन फॉर्म भरायला आलं की रिस्टार्ट करायचं, तोपर्यंत दोघांनाही बसा चहा घ्या म्हणायचं. एसएसडीवरचं लिनक्स लवकर येतं पण जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज उठेपर्यंत चहा खरंच होतो. लिनक्सच्या आतच विंडोज चालवायची पण सोय असते, ८ जीबीत मला ती जड गेली. आणि ज्यांना रोज डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून ई-टेंडर नाहीतर रिटर्न भरायची आहेत त्यांनी या भानगडीत पडू नये, ते काम विंडोजचं, ते पण चालू अपडेट मिळणाऱ्या विंडोजचं. त्यांनी नवीन मशीन घ्यावं, तिथं तुमच्या लेखाचं बरोबर आहे.

एवढं जमल्यावर माझी कॉलर ताठ झाली आणि भाचीच्या लॅपटॉपला हात घातला, तिथं तोंडावर आपटलो. ती इंजिनिअरिंगला आहे, कोर्सला लिनक्स पाहिजे होतं, विंडोज ११ चा नवा लॅपटॉप, डिस्क एकच. मी म्हटलं मामा आहे की. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह थोडा आकसून ६० जीबी मोकळे केले, इथपर्यंत ठीक. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं, खरं म्हणजे करायची गरज पण नव्हती, मिंट ते चालू असतानाही बसतं, पण कुठंतरी जुनं ऐकलेलं डोक्यात होतं. परत चालू केलं तर निळा स्क्रीन, बिटलॉकरची म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की टाका. नवीन लॅपटॉपवर डिस्क आधीपासूनच लॉक केलेली असू शकते आणि बायोसमध्ये असे बदल केले की ते चोर आलाय असं समजून की मागतं. की असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर. अकाउंट उघडलेलं दाजींच्या नावाने, लॅपटॉप घेतला त्या दिवशी, आणि दाजींना पासवर्ड आठवेना. रात्रीचे साडेदहा, भाची कोपऱ्यात गप्प, बहीण मला जेवायचं पण विचारेना. साडेअकराला पासवर्ड रिसेट झाला आणि दाजी मोबाइलवर बघून सहा सहा आकडे वाचायला लागले, मी टाकायला, हौजी चालल्यासारखं. चूक पूर्ण माझी. सुरुवात करायच्या आधी ती की वहीत लिहून घ्यायची असते, किंवा लॉकच काढून टाकायचं असतं आणि ते निघायला तासभर लागला तरी थांबायचं असतं. दुसऱ्या दिवशी तसं केलं तेव्हा अर्ध्या तासात दोन्ही सिस्टिम नीट बसल्या.

शेजारच्या मेडिकलवाल्याच्या मुलाने उलटंच केलं. त्याला लिनक्स नको झालं म्हणून त्याने विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचा भाग सरळ डिलीट मारला आणि मशीन काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू म्हणत बसलं, कारण सुरुवातीची यादी दाखवणारा ग्रब त्याच भागातून चालत होता. विंडोज सुरक्षित होतं, फक्त तिथं न्यायला कोणी नव्हतं. बायोसमधून विंडोजचा बूट मॅनेजर पहिला केला आणि सुटलं, जुन्या पद्धतीच्या मशीनला विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट रिपेअर करावं लागतं. दोन्ही सिस्टिम नव्याने टाकणार असाल तर विंडोज आधी, लिनक्स नंतर, विंडोज नंतर टाकलं की ते स्वतःलाच पुढं करतं. आणि अपडेटनेही कधी बिघडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर जगभर बऱ्याच जणांचं लिनक्स सुरूच होईना, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असा मेसेज यायचा, तेव्हा सिक्युअर बूट काही वेळ बंद ठेवून लोकांनी मार्ग काढला. म्हणून लिनक्सचा तो पेन ड्राइव्ह पुसून टाकू नका, ड्रॉवरमध्ये असू द्या. माझा त्या दोन सेलांच्या शेजारी आहे.

माझी विनंती दोन आहेत. एक, तुमच्या पुरवणीत यावर एखाद्या जाणकाराकडून नीट फोटोसकट लेख लिहून घ्या, मराठीत असं फार कमी मिळतं, मी सगळं इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून बघत शिकलो. दुसरी विनंती तुम्हाला नाही, पत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्यांना आणि पतसंस्थांच्या क्लार्क मंडळींना आहे. तुमचा जाहिरात विभाग माझ्याकडून युनिकोड मॅटर मागतो, ते बरंय. पण प्रेसवाले अजून जुन्याच फॉन्टमध्ये फाइल मागतात, आणि संस्था गेल्या वर्षीच्याच जुन्या फाइलवर यंदाचे आकडे घाला म्हणतात. नवीन मॅटर तरी युनिकोडमध्ये करायला लागा राव, माझ्या विंडोज १० चा जीव त्या एका फॉन्टसाठी अडकलाय.

पत्र मोठं झालंय, कात्री लावली तरी चालेल, फक्त बॅकअपचा, त्या ४८ आकडी कीचा आणि सेलचा भाग ठेवा. सेलचा तर नक्कीच.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक, सांगली

ता.क. हे लिनक्सवर टाइप करून मेल करतोय. तुमच्याकडे कुठं वषर् दिसलं तर कळवा, परत पाठवतो.